जुन्या कॉम्प्युटरचं काय काय बंद करू?

सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: घरी २०१६ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. विंडोज टेन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर त्या मराठीत लेखन करतात, पेन्शनचे आणि बँकेचे व्यवहार बघतात, परदेशातल्या नातवाशी बोलतात. घरातले जुने फोटो स्कॅन करून त्यावरच ठेवले आहेत. गेलं वर्षभर बटण दाबल्यापासून काम सुरू व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. पुतण्याने एक व्हिडिओ पाठवला आहे, ‘या पंचवीस गोष्टी बंद करा’ असा. त्यात अपडेट बंद, अँटीव्हायरस बंद, ढीगभर सर्व्हिसेस (विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारे छोटे प्रोग्रॅम) बंद. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून देतो. मुलगा म्हणतो, काढून टाक, नवा घे. त्या विचारतात, ‘सगळ्या पंचवीस गोष्टी बंद करू का? काही बिघडलं तर? आणि चालणारी वस्तू टाकवत नाही, हा माझा चिकटपणा समजायचा का?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. इतकी वर्षं इमानाने चाललेली वस्तू टाकवत नाही, याला चिकटपणा म्हणत नाहीत. तुमची जी कामं आहेत ती या कॉम्प्युटरच्या आवाक्याबाहेरची नाहीत. त्याला वेळ लागतोय, एवढंच. तो वेळ नेमका कुठे जातोय ते आधी बघू या. काय बंद करायचं ते त्यावरून ठरेल.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात, आणि त्या जवळपास सगळेच धरतात. पहिली म्हणजे कॉम्प्युटर जुना झाला म्हणून हळू झाला. प्रोसेसर वयाने मंदावत नाही. आत धूळ साठून तो तापायला लागला तर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, पण पंखा आणि जाळी साफ केली की तो पूर्ववत होतो. बदललंय ते त्याच्यावरचं काम. वेबसाइट जड झाल्या, ब्राउझर जड झाले, विंडोजमध्ये दर मोठ्या अपडेटबरोबर भर पडत गेली, आणि मधल्या काळात घरात आलेला प्रत्येक प्रोग्रॅम ‘कॉम्प्युटर सुरू झाला की मीही सुरू होणार’ अशी नोंद करून बसला.

दुसरं गृहीतक असं की जितकं जास्त बंद करू तितका वेग जास्त. बंद केलेली गोष्ट काही खात असेल तरच ती बंद करून काही वाचतं. व्हिडिओत सांगितलेल्या बऱ्याच सर्व्हिसेस ‘मॅन्युअल’ प्रकारच्या असतात. गरज पडली तरच त्या उठतात, एरवी निपचित असतात. फॅक्सची सर्व्हिस बंद करून तुमचा एक सेकंदही वाचणार नाही. म्हणून पंचवीसचा आकडा विसरा. एक वही घ्या, जो बदल कराल तो तारखेसकट लिहा, आणि एका वेळी एकच बदल करा. काही बिघडलं तर कुठे परत फिरायचं ते वहीत सापडेल.

पण त्याच्याही आधी फोटो. हळू झालेल्या जुन्या कॉम्प्युटरमागे कधीकधी मरायला टेकलेली हार्ड डिस्क असते. खराब होत चाललेला भाग वाचायला ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि आपल्याला वाटतं विंडोज अडकलं. आतून टकटक असा आवाज येत असेल, किंवा एखादी फोल्डर उघडताना सगळंच गोठत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचा एक मोफत प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ अशी एका शब्दात दाखवतो. पुतण्याला तो आधी चालवून बघायला सांगा. उत्तर काहीही आलं तरी स्कॅन केलेले फोटो आणि तुमचं लेखन बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि आणखी एक प्रत मुलाकडे असू द्या. एकाच डिस्कवर असलेले घराण्याचे फोटो ही मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट वाटली, दहा मिनिटांच्या खोळंब्यापेक्षा कितीतरी जास्त.

आता बघायचं कसं ते. कॉम्प्युटर सुरू करा, आणि डेस्कटॉप दिसला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीशीच चौकट दिसली तर खाली ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. वर चार रकाने दिसतील, सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क, नेटवर्क, आणि प्रत्येकावर टक्केवारी. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझा अंदाज आहे की सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि डिस्कचा रकाना लालबुंद होऊन १०० टक्क्यांवर अडकलेला असेल. ‘डिस्क’ या शब्दावर क्लिक केलंत की सगळ्यात जास्त खाणारी नावं वर येतात. वरची चार-पाच नावं वहीत उतरवा. पाच मिनिटांनी पुन्हा बघा, पुन्हा उतरवा. 

त्या यादीत बहुधा ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ असेल, म्हणजे विंडोजचा स्वतःचा व्हायरस तपासनीस. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ असेल, तो अपडेट बसवतो. ‘सर्व्हिस होस्ट: सिसमेन’ असेल, तिच्याबद्दल पुढे सांगते. ही नावं बघून व्हिडिओवाले म्हणतात, हेच चोर, बंद करा. मी आधी वेगळा प्रश्न विचारेन: यांना हे काम तुम्ही बसायच्या वेळेलाच का करावं लागतंय?

आपल्याकडे घरोघरी काय होतं, काम झालं की शट डाउन, आणि लगेच भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद. वीज वाचते, वादळवाऱ्यात जिवाला घोर नसतो, सवय चांगलीच आहे. पण विंडोजने आपली घरकामं, म्हणजे तपासणी, अपडेट, डिस्कची आवराआवर, कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हासाठी राखून ठेवलेली असतात. त्यांची ठरलेली वेळ पहाटे दोनची आहे. तेव्हा कॉम्प्युटर बंद असला तर पुढे कधी तो चालू पण रिकामा सापडेल तेव्हा ती उरकली जातात. तुमचा कॉम्प्युटर चालू असतो तेव्हा तुम्ही कामात असता, आणि तुम्ही उठलात की तो बंद. त्याला रिकामा वेळ मिळतच नाही. कामं साठत जातात आणि तुम्ही दोन दिवसांनी बसलात की सगळी एकदम अंगावर येतात.

यावर उपाय फुकट आहे. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी जेवणानंतर, कॉम्प्युटर चालू करून दोन तास तसाच सोडा. इंटरनेट चालू ठेवा, माऊसला हात लावू नका. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, मग ‘पॉवर अँड स्लीप’ इथे जाऊन स्लीपची वेळ तेवढी ‘नेव्हर’ करा, म्हणजे तो मध्येच झोपणार नाही. स्क्रीन बंद झाली तर होऊ द्या. दोन तासांनी ‘रीस्टार्ट’ करा. तीन-चार आठवडे हे केल्यावर एरवीच्या दिवशी तो निवांत झालेला दिसेल.

रीस्टार्ट म्हटलं ते मुद्दाम. विंडोज टेनमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. ती चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही; त्याची आहे ती स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘सीपीयू’ उघडलंत की खाली ‘अप टाइम’ दिसेल. रोज शट डाउन करणाऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरवरही तिथे पंधरा-वीस दिवस लिहिलेले सापडतात. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. हार्ड डिस्कवाल्या कॉम्प्युटरला फास्ट स्टार्टअपचा उपयोग होतो, म्हणून ते बंद करू नका. आठवड्याला एक रीस्टार्ट पुरे.

आता बंद करायच्या गोष्टींकडे येऊ. सगळ्यात जास्त फळ देणारी आणि सगळ्यात निर्धोक जागा म्हणजे टास्क मॅनेजरमधलाच ‘स्टार्टअप’ हा टॅब. विंडोजबरोबर आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमची ही यादी असते. शेजारी ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ असा रकाना असतो. त्यात ‘हाय’ लिहिलेल्यांपासून सुरुवात करा. नावावर क्लिक करून ‘डिसेबल’ केलं म्हणजे प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपणहून उठत नाही. हवा तेव्हा तुम्ही उघडू शकता, आणि निर्णय चुकला तर त्याच जागी ‘एनेबल’ आहे.

कोणाला बंद करायचं, याची माझी कसोटी सोपी आहे. हा प्रोग्रॅम तुमच्या कामासाठी उठतोय, की बनवणाऱ्या कंपनीच्या सोयीसाठी? टीम्स, स्पॉटिफाय, गेमचे प्रोग्रॅम, ॲडोबी आणि जावाचे अपडेटर, प्रिंटरबरोबर आलेला शाईची जाहिरात करणारा प्रोग्रॅम, हे सगळे कंपनीच्या सोयीचे. खुशाल डिसेबल करा. प्रिंटर त्याशिवाय छापतो. वनड्राइव्हच्या बाबतीत थांबा. तुमची डेस्कटॉपवरची किंवा डॉक्युमेंट्समधली कागदपत्रं त्यावर जात असतील तर तो तुमच्या कामाचा आहे, राहू द्या; कधी वापरलाच नसेल तर बंद. ‘विंडोज सिक्युरिटी’ला हात लावायचा नाही. आणि मराठी टायपिंगसाठी एखादा वेगळा प्रोग्रॅम बसवलेला असेल तर तोही या यादीत दिसेल. तो बंद केलात तर दुसऱ्या दिवशी लिहायला बसल्यावर सगळं इंग्रजीत उमटेल आणि तुम्हाला वाटेल कीबोर्ड बिघडला.

टायपिंगवरून आठवलं, काही व्हिडिओंमध्ये ‘सीटीएफ लोडर’ बंद करायला सांगतात. तोच भाषा बदलण्याचं आणि मराठी कीबोर्ड चालवण्याचं काम बघतो. मराठीत लिहिणाऱ्या माणसाने तो बंद करणं म्हणजे आपल्याच हाताने लेखणी मोडणं. उलट, बाहेरून आणलेला टायपिंगचा प्रोग्रॅमच जड वाटत असेल तर विंडोज टेनमध्ये २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड मुळातच आहे, आणि इन्स्क्रिप्ट तर आधीपासून आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून तो वापरून बघा. जमला तर बाहेरचा प्रोग्रॅम काढता येईल, आणि सुरू होतानाचं एक ओझं कमी होईल.

नंतर ‘ॲप्स अँड फीचर्स’मध्ये जा आणि वर्षभरात न उघडलेले प्रोग्रॅम काढून टाका. तिथे एखादा मुदत संपलेला अँटीव्हायरस सापडला तर तो सगळ्यात आधी काढा. दुकानातून कॉम्प्युटर आला तेव्हा वर्षभराचा म्हणून बसवलेला असतो, पुढे नुसता ‘रिन्यू करा’ म्हणत राहतो, आणि तोवर विंडोजचा स्वतःचा व्हायरस तपासनीस, डिफेंडर, त्याच्यासाठी बाजूला झालेला असू शकतो. तो निघाला की डिफेंडर आपणहून कामाला लागतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून हिरवी खूण दिसते ना, तेवढी खात्री करा. घरच्या वापराला डिफेंडर पुरेसा आहे.

दिखाऊ गोष्टींचं बोलायचं तर ‘धिस पीसी’वर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’, आणि ‘परफॉर्मन्स’खालचं ‘सेटिंग्ज’. तिथे ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडलं की सगळ्या खुणा निघतात. मग दोन परत लावा: ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ आणि ‘शो थंबनेल्स इन्स्टेड ऑफ आयकॉन्स’. पहिली नसली तर देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या कातरल्यासारख्या दिसतात, डोळ्यांना त्रास होतो. दुसरी नसली तर फोटोंच्या फोल्डरमध्ये फोटोंऐवजी सारखेच चौकोन दिसतात. पारदर्शकता ‘पर्सनलायझेशन’मधल्या ‘कलर्स’मध्ये बंद होते. याने कॉम्प्युटरची ताकद वाढत नाही, पण खिडक्या सरकत उघडायच्या ऐवजी झटकन उघडतात आणि हाताला फरक कळतो. ‘प्रायव्हसी’मधली ‘बॅकग्राउंड ॲप्स’ही बंद करून टाका, आणि ‘गेमिंग’मधली गेम बारही.

ब्राउझरवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण ४ जीबी रॅममध्ये सगळ्यात मोठा खाणारा तोच असतो. विंडोज टेन नुसतं सुरू होऊन बसलं तरी दीड-दोन जीबी धरतं. उरलेल्यात क्रोम, त्यात बँक, मेल, वर्तमानपत्र, यूट्यूब. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही भाग हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. हीच ती वेळ, जेव्हा टॅब बदलल्यावर पांढरा पडदा दिसतो आणि आतून डिस्क कुरकुरत राहते. तेव्हा काम झालेला टॅब बंद करायची सवय लावा. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी सेव्हर’ चालू करा आणि ‘सिस्टिम’खालची, क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप्स चालू ठेवणारी खूण काढा. एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बघा, कधी बसवली ते आठवत नसेल तर काढाच.

त्याच सेटिंगमध्ये ‘साइट सेटिंग्ज’खाली ‘नोटिफिकेशन्स’ आहे. बातम्यांच्या साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं, आणि मग कोपऱ्यात दिवसभर पाट्या येत राहतात. त्यातल्या काही ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला’ असं भेडसावणाऱ्या असतात. तुम्ही बँकेचे व्यवहार करता म्हणून सांगते: अशा पाटीवरच्या नंबरला कधीही फोन करायचा नाही, आणि फोनवरचा माणूस स्क्रीन दिसेल असा प्रोग्रॅम बसवा म्हणाला तर फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. कॉम्प्युटर ‘बूस्ट’ करून देणारे, रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅमही या निमित्ताने नकोच. ते स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात.

आता व्हिडिओतल्या उरलेल्या सूचना. विंडोज अपडेट बंद करू नका, डिफेंडर बंद करू नका. त्यांच्या कामाची वेळ बदलायची, ती रविवारच्या दोन तासांनी बदलते. ‘पेजिंग फाइल’, म्हणजे रॅम भरल्यावर विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा, बंद करू नका. ४ जीबीमध्ये ती नसेल तर प्रोग्रॅम मध्येच कोसळतात आणि न साठवलेलं लेखन जातं. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या चार करा, असं हमखास सांगतात. विंडोज मुळातच प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे त्यातले काम करणारे भाग, वापरतं. ती खूण तपासणीसाठी संख्या कमी करण्याकरता आहे; तिने वेग वाढत नाही, चुकीचा आकडा निवडला तर घटतो. ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामी करू नका. कोणता प्रोग्रॅम उघडताना कोणत्या फाइल लागतात याच्या नोंदी तिथे असतात, त्या पुसल्या की पुढचे काही वेळा सगळं आणखी हळू उघडतं. ‘प्रिंट स्पूलर’ बंद केला तर छपाईबरोबर ‘प्रिंट टू पीडीएफ’ही बंद पडतं, आणि बँकेची पावती साठवताना तुम्हाला ते लागणार.

दोन गोष्टी मात्र प्रयोग करून बघण्याजोग्या आहेत. सिसमेन ही सर्व्हिस तुम्ही नेहमी उघडता ते प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवते. हेतू चांगला, पण कमी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर सुरुवातीला तीच डिस्क अडवून बसते. तुमच्या वहीत तिचं नाव पुन्हा पुन्हा वर आलं तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ती थांबवा, ‘स्टार्टअप टाइप’ डिसेबल करा, आणि आठवडाभर बघा. फरक पडला तर राहू द्या, नाही पडला तर पुन्हा ‘ऑटोमॅटिक’. दुसरी, विंडोज सर्च. ती बंद केली तर शोध चालतो पण रांगत चालतो. तुमच्याकडे इतक्या वर्षांचं लेखन आहे, त्यातलं नेमकं पान शोधायला तुम्हाला ती लागेल असं मला वाटतं. सेटिंगमध्ये शोध ‘क्लासिक’वर आहे, ‘एनहान्स्ड’वर नाही, एवढं बघा, म्हणजे ती अख्खी डिस्क चाळत बसणार नाही.

हे सगळं केल्यावर दहा-बारा मिनिटांची पाच-सहा मिनिटं झाली तर चांगलं झालं असं समजा. त्याच्या पुढे बंद करून जाता येत नाही, कारण मूळ अडचण हार्ड डिस्कच्या बांधणीत आहे. आत एक तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, आणि वाचणारं टोक हव्या त्या जागी सरकतं. सरकायला आणि तबकडी तिथवर यायची वाट बघायला मिळून एका वेळेला बारा-तेरा मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या फाइली वाचायच्या असतील तर सेकंदाला शंभराच्या आतच वाचनं होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली लागतात. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी नव्या प्रकारची डिस्क; तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तिथे हीच वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. म्हणून सारा कॉम्प्युटर तोच ठेवून फक्त एसएसडी बसवली तरी तो मिनिटाच्या आत उघडायला लागतो.

तुमच्या २०१६च्या कॉम्प्युटरला अडीच इंची ‘साटा’ जोडणीची एसएसडी बसेल. फोटो जुन्या डिस्कवरच ठेवले तर २५६ जीबीची पुरते. आहे ते सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवून देता येतं, त्याला क्लोन करणं म्हणतात. दुकानदाराला हाच शब्द सांगा. जुनी डिस्क धडधाकट असेल तर तिला त्याच डब्यात दुसरी डिस्क म्हणून राहू द्या. रॅमसाठी टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ उघडा. ‘स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २’ दिसलं तर आणखी एक ४ जीबीची पट्टी बसते. रॅमच्या डीडीआर३ आणि डीडीआर४ या दोन प्रकारच्या पट्ट्या एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून जुनी पट्टी काढून दुकानात बरोबर न्या. एकाच गोष्टीचा खर्च करायचा असेल तर आधी एसएसडी.

फॉरमॅटचा आग्रह मी धरणार नाही. वेग येतो, पण थोड्या दिवसांचा; स्टार्टअपची यादी पुन्हा भरली की पुन्हा तेच. शिवाय मराठी लिहिणाऱ्यांचा एक धोका दुकानदाराच्या लक्षात येत नाही. तुमचं २०१६च्या आधीचं लेखन शिवाजी, किरण, श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर फॉरमॅटनंतर ते फॉन्ट जातात आणि फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो. लेखन गेलं असं वाटून माणसं त्या फाइली टाकूनही देतात. तेव्हा फॉरमॅट करायचंच ठरलं तर विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधले मराठी फॉन्ट आधी पेन ड्राइव्हवर उतरवा. आणि फॉरमॅट होवो न होवो, निवांतपणे एकेक जुनी फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून ठेवा.

मुलाच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे, ते वेगापुरतं नाही. विंडोज टेनचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. सुरक्षेचे अपडेट हवे असतील तर ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’साठी नोंदणी करावी लागते, आणि ती घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ असं दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याला सेटिंग्ज जोडल्या तर पैसे पडत नाहीत. तुम्ही ही नोंदणी केली नसेल तर बँकेचे व्यवहार तूर्त मोबाइलवरून करा. विंडोज इलेव्हन तुमच्या कॉम्प्युटरवर रीतसर चढणार नाही. त्याला साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं, आणि आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली.

मग पुढे दोन वाटा. एक लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीची. लिनक्स मिंटची ‘एक्सएफसीई’ नावाची हलकी आवृत्ती ४ जीबीवर बरी चालते, फुकट आहे, तिच्यात मराठी टायपिंग होतं आणि लेखनाला लिबरऑफिस आहे. पेन ड्राइव्हवरून ती न बसवता नुसती चालवूनही बघता येते. पुतण्याला हौस आहेच, तर एक दिवस त्याला हे करायला सांगा आणि तुमचा प्रिंटर, कॅमेरा, बँकेची साइट आणि एक जुनी फाइल, एवढं त्यावर स्वतः चालवून बघा. यातलं काही अडलं तर तुमच्यासाठी ती वाट नाही, आणि अडलं नाही तर एसएसडीबरोबर हा कॉम्प्युटर अजून काही वर्षं जाईल. दुसरी वाट मुलाची. नवा घेताना ८ जीबी रॅम आणि एसएसडी या दोन्हींवर ठाम राहा. स्वस्त म्हणून ४ जीबीचा लॅपटॉप गळ्यात मारला जातो आणि वर्षभरात हेच पत्र पुन्हा लिहावं लागतं. नवा आला तरी जुना लेखनासाठी इंटरनेटशिवाय ठेवता येतो. त्याला मग अपडेटची धास्ती नाही.

एसएसडीवर आत्ताच पैसे घालायचे का, हे लिनक्सच्या त्या प्रयोगानंतर ठरवा. मिंट जमली किंवा जुना लेखनासाठी ठेवायचं ठरलं तर ते पैसे वसूल होतात. नवा घ्यायचं नक्की असेल तर तेच पैसे नव्यात घाला.

या आठवड्यात एवढंच करा: आधी फोटोंची प्रत, मग डिस्कची तपासणी, मग वहीत ती चार-पाच नावं, आणि स्टार्टअपची यादी. त्यातलं एखादं नाव ओळखीचं वाटलं नाही तर लगेच डिसेबल करू नका. जसं दिसतं तसं उतरवून मला कळवा, शेजारच्या ‘पब्लिशर’ रकान्यात काय लिहिलंय तेही कळवा.